विरळ कोपऱ्यातली नागली

१६ ऑक्टोबर २०००, सोमवार

आईने आज विहारात पुन्हा तेच केलं. विमलाबाईंना सांगून मोकळी झाली, "आमची पिंकी स्टॅटिस्टिशियन झाली, सरकारी." मी चपला शोधायला वाकले होते, तशीच वाकून राहिले. मी सांख्यिकी सहायक आहे, आणि तीही परिवीक्षेवर, म्हणजे वर्षभरात कधीही घरी बसवता येईल अशी. एम.एस्सी.ला असताना माझ्या तोंडी प्रमेयं असायची. आता भात, नागली, वरई आणि शेवटची जीप किती वाजता, एवढंच असतं.

विमलाबाईंनी विचारलं, "म्हणजे नेमकं करतेस काय गं?"

मी सांगायला गेले. तालुक्यातलं सगळं पीक मोजता येत नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी थोडी शेतं निवडायची. त्या शेतातही चिठ्ठी टाकल्यासारखाच एक तुकडा आखायचा. तेवढाच कापायचा, झोडायचा, तोलायचा. त्यावरून अख्ख्या महसूल मंडळाचं पीक किती ते ठरतं आणि त्यावरून पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानाने यंदा शंभरात किती आलं ते. पैसेवारी पन्नासच्या खाली आली तर टंचाई जाहीर होते, गावात रोजगार हमीचं काम निघतं. वर राहिली तर काही नाही, लोक आपापलं बघतात.

"म्हणजे शेतात जातेस," विमलाबाई म्हणाल्या. आईचं तोंड उतरलं. चूक विमलाबाईंची नव्हतीच.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेत खरीखुरी संख्याशास्त्रज्ञाची जागा निघाली आहे. मुलाखतीत स्वतः केलेल्या क्षेत्रकामावर बोलायचं. अर्ज टाकला. आईला सांगितलेलं नाही, नाहीतर उद्या सगळ्या कॉलनीत मी पुण्याला रुजू झालेली असेन.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

सुरगाण्याहून आत्ता आले. पाय धुळीने भरलेत, पण हे आजच लिहायचं आहे, कारण आज मी पहिल्यांदा नीट काम केलं.

सुरगाण्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत करवंदपाडा म्हणून वस्ती आहे. तिथलं नागलीचं शेत चिठ्ठीत निघालं होतं. मालक चिमाजी भोये, बायको नवसाबाई, मुलगा जीवन आणि पोटुशी सून. यंदा पाऊस मधेच गेला, त्यामुळे नागली सगळीकडेच बेताची. तरी शेताच्या खालच्या अंगाला ओल धरून बरी आली होती. यादृच्छिक आकड्यांचा तक्ता काढला, कोपऱ्यापासून पावलं टाकली, आणि तुकडा निघाला तो नेमका वरच्या खडकाळ कोपऱ्यात. तिथे नागली इतकी विरळ की मधली माती दिसत होती.

नवसाबाई आडव्याच आल्या. "बाई, हितं नका कापू. खाली चला ना, खाली चांगली हाय. ह्ये बघून लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "नवसाबाई, माझ्या किंवा तुमच्या मनाने जागा ठरवायची नसते. चिठ्ठीत निघाली तीच."

"चिठ्ठीला काय डोळं हायेत का?"

"नाहीत, म्हणूनच ती खरी."

त्यांना ते मुळीच पटलं नाही. पदर तोंडाला लावून बांधावर बसून राहिल्या. चिमाजी तर मान वर करेनात, जणू मी त्यांच्या घरातलं फाटकं अंथरूण चारचौघांत पसरलं होतं. पण मी हलले नाही. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, तेवढ्यातलीच कणसं खुडायला लावली. कॉलेजमध्ये शिकवलेलं एखादं तत्त्व उन्हात उभं राहून पाळायची वेळ पहिल्यांदा आली आणि मी ते पाळलं.

पुढे थोडी अडचण झाली. कणसं लगेच झोडून तोलायची असतात. पण यांच्यात कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, पूजा झाल्याशिवाय खळ्यावर दाणा पाडत नाहीत. पूजा सोमवारी. मग नियम असा की कणसं पोत्यात भरायची, तोंड शिवायचं, लाखेचं सील मारायचं आणि पोतं तिथेच ठेवून यायचं.

सील मी लावलं नाही.

त्याचं कारण लिहून ठेवते. मागच्या महिन्यात एका गावात पाणी मागितलं तेव्हा आधी आडनाव विचारलं गेलं आणि मग पाणी बाहेर आलं ते वेगळ्या पेल्यात. आज नवसाबाईंनी काही न विचारता चुलीपाशी बसवलं, स्वतःच्या ताटलीत भाकरी आणि उडदाचं भुजं वाढलं, आणि हात धुवायला तांब्याने पाणी घातलं. त्यानंतर त्यांच्याच घरात, त्यांच्या देखत, लाख वितळवून पोत्याला मोहोर करायची म्हणजे तुम्ही चोर आहात असं तोंडावर म्हणण्यासारखंच. माझा हात पिशवीतून बाहेरच आला नाही. सोप्यात कणसांची लहानशी रास तशीच ठेवली. जीपवाला हॉर्न वाजवत होता, हेही आहे.

निघताना चिमाजी म्हणाले, "औंदा हमीचं काम निघंल असं वाटतंय. मंग सुनंला घेऊन दिंडोरीला द्राक्षात जायाला नको. तिचे दिस भरत येतील तवा."

मी म्हटलं, आकडे जे सांगतील ते होईल. आता वाटतं, काय तो रुबाब!

६ नोव्हेंबर, सोमवार

करवंदपाड्याला पूजा झाली आणि नागली झोडली. अख्खा पाडा खळ्याभोवती जमला होता. मला वाटलं पूजेसाठी असेल, पण पूजा संपल्यावरही कोणी हललं नाही. काटा लावला तेव्हा बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या.

आणि काय वजन निघालं! त्या विरळ कोपऱ्यातून मी निम्मंही धरलं नव्हतं. तीन वेळा तोललं, आकडा तोच. दाणे बहुतेक लाल आणि मधे मधे फिकट होते, सुकल्यावर रंग असा बदलत असावा. कोणाला तरी विचारायला हवं.

नवसाबाई आज अगदी वेगळ्या दिसत होत्या. डोईवर पदर, मान ताठ. "आलं ना चांगलं?" त्यांनी विचारलं. "खूप चांगलं," मी म्हणाले, तेव्हा सगळा पाडा हसला. सुनेने गूळ हातावर ठेवला.

परतताना जीपमध्ये पुण्यात काय बोलायचं ते मनात जुळवलं. डोळ्याला जे विरळ दिसतं ते खरोखर विरळ असेलच असं नाही. माणसाचा डोळा फसतो, म्हणून तर चिठ्ठी टाकायची. इतका नेमका दाखला पुस्तकातही सापडायचा नाही.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसात गांगुर्डे साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब सौम्य आहेत. आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुढे जास्त भीती वाटते. मंडळाचे आकडे समोर ठेवून त्यांनी करवंदपाड्यावर पेन्सिल टेकवली.

"हा एकटाच वर कसा काय?"

मी तयारच होते. म्हटलं, सर, आपल्याला विचित्र वाटला म्हणून आकडा काढून टाकायचा, ही आकड्यांशी बेइमानी. जागा तक्त्यावरूनच निघाली. मी स्वतः उभी राहून कापून घेतलं. शेतकरी जागा बदला म्हणत होते, मी बदलली नाही.

"सगळं नियमाने झालं?"

"हो सर."

साहेबांनी पेन्सिल उचलली. "तुम्ही शिकलेल्या आहात," एवढंच म्हणाले. मी खूश होऊन बाहेर आले.

आता हे लिहिताना तो 'हो सर' जरा टोचतो आहे. पण सील नाही लावलं तर काय बिघडलं? त्या माणसांनी एक दाणा काढून घेतला नाही, हे वजनावरूनच दिसतंय.

२६ नोव्हेंबर, रविवार

काल पुण्याची मुलाखत झाली. आज सकाळपासून वही घेऊन बसते आणि मिटते आहे.

बोलले छान. डोळा फसतो, हे वाक्य टाकलं तेव्हा तिघांपैकी दोघे पुढे सरकून बसले. तिसरे एक वयस्कर प्राध्यापक, पांढऱ्या केसांचे. त्यांनी शांतपणे विचारलं, "कापणीनंतर झोडणीपर्यंत माल कुठे होता?"

"शेतकऱ्याच्या घरी."

"कसा?"

"सीलबंद पोत्यात," मी म्हणाले.

आत्तापर्यंत मला वाटायचं की खोटं बोलायच्या आधी माणूस काहीतरी विचार करत असेल. मी काहीच केला नाही. खोटं इतकं सहज बाहेर आलं की ते आधीपासून तोंडात तयार असावं. प्राध्यापकांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी टिपलं. माझे कान तापले ते नाशिकला उतरेपर्यंत तापलेलेच होते. एस.टी.त शेजारच्या बाईंनी विचारलं, ताप आहे का.

आणि सिन्नर मागे पडल्यावर एकदम ते फिकट दाणे आठवले. सुकून नागलीचा रंग बदलत नाही. हे मला माहीत होतं. भाकरी मी लहानपणापासून खाते आहे.

३ डिसेंबर, रविवार

ऑफिसला न सांगता करवंदपाड्याला गेले. चिमाजी लाकडं आणायला गेले होते. नवसाबाई अंगण सारवत होत्या. मी फार आढेवेढे घेतले नाहीत. विचारलं, त्या राशीत कोणी काही घातलं होतं का.

त्या लाजल्या, पकडल्यासारख्या नव्हे, तर कोणीतरी कौतुक केल्यासारख्या.

"तुमाला कळलं व्हय? आता काय सांगू बाई. ती रास सोप्यात पडलेली. येणारंजाणारं बघायचं. एवढीशी रास! मला तर मान वर करून बोलाया नको झालं. मंग शेजारणीनं तिच्या घरची पसाभर कणसं आणून घातली. तिचं बघून दुसरीनं. मंग साऱ्या पाड्यानं घातली."

"पण का, नवसाबाई?"

"का म्हंजे? तुमची सोन्यासारखी पोरीची जात, एवढ्या लांबून उन्हातान्हात आल्या. सायबापुढं काय मूठभर नागली घिऊन जाणार? तो रागं भरला नसता का तुमच्यावर? पावण्याला रिकाम्या हाती कोन धाडतं?" मग जरा थांबून म्हणाल्या, "खूश झाला ना सायेब?"

यंदा ज्यांच्या घरात नागली पुरायची नाही, त्यांनी पसा पसा नागली माझी लाज राखायला दिली. मला रडू आलं ते त्यांना कष्टाचं वाटलं असावं, कारण त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवून मला चहा दिला. सून दाराशी उभी होती, कमरेवर हात ठेवून. तिच्या मावशीने दिंडोरीला मुकादमाला शब्द दिलाय, पण हमीचं काम निघालं तर ती जाणार नाही, असं तिने मला आपण होऊन सांगितलं. कधी निघंल, बाई, तिने विचारलं. मी म्हटलं, लवकरच कळेल.

घरी येऊन तो आकडा वगळून मंडळाची सरासरी काढली. ढोबळ हिशोबाने पैसेवारी सेहेचाळीसवर येते. ठेवला तर बावन्न.

५ डिसेंबर, मंगळवार

कापणीचा प्रयोग रद्द करता येतो. कारण द्यावं लागतं, आणि कारणं दोनच बसतात. शेतकऱ्याने मालात भर घातली, किंवा कर्मचाऱ्याने सील केलं नाही. पहिलं लिहिलं तर उद्या कोणीतरी चिमाजीच्या दारात जाऊन त्यांना फसवणूक करणारा म्हणेल. ते मी लिहिणार नाही, एवढं ठरलं.

दुसरं लिहिलं तर परिवीक्षा संपली. आणि साहेबांची पुण्याच्या संस्थेत ओळख आहे, तिकडेही कळेल.

उद्या साहेबांशी बोलते.

७ डिसेंबर, गुरुवार

साहेब काल रजेवर होते. आज होते. मी दोनदा केबिनपर्यंत गेले. दुसऱ्यांदा त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, काही हवंय का. मी म्हटलं, स्टेपलर. त्यांनी दिला. तो अजून माझ्या पर्समध्ये आहे.

११ डिसेंबर, सोमवार

आईने विचारलं, "पिंकी, जेवत का नाहीस?" मी म्हटलं, पित्त. ती म्हणाली, बाहेरचं खात जाऊ नकोस. नवसाबाईंची भाकरी बाहेरचीच म्हणायची.

खरं ते लिहिते, इथे तरी. मी पुण्याच्या पत्राची वाट बघते आहे. नकार आला तर मी लगेच साहेबांकडे जाईन, कारण मग गमवायला फारसं उरणार नाही. होकार आला तरी जाईन, कारण मग ही नोकरी गेली तरी चालेल. म्हणजे दोन्हीकडून मी जाणारच आहे. फक्त माझं आधी ठरलं पाहिजे, मग त्यांचं. असा विचार करणारी दुसरी कोणी मुलगी असती तर ती मला आवडली नसती.

१४ डिसेंबर, गुरुवार

परवा पुण्याचं पत्र आलं. निवड झाली. आईने पेढे आणले, तिला अखेर कळलंच. विमलाबाईंना यावेळी ती जे सांगेल ते खरं असेल.

आज साहेबांना सगळं सांगितलं. सील, पसा पसा नागली, पाडा. पुण्याला मी काय बोलले तेवढं सोडून सगळं. लेखी अर्जही नेला होता. साहेब ऐकत राहिले. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"मॅडम, काल संध्याकाळी पैसेवारीवर सही झाली. तुमचं मंडळ बावन्नवर आलंय. तुम्ही सोमवारी बोलला असतात तरी मी तो आकडा थांबवला असता."

"आता बदलता नाही येणार?"

"जाहीर झालेली फिरवायची तर वरपर्यंत जावं लागतं. तोवर उन्हाळा येईल. आणि पहिलं नाव त्या शेतकऱ्याचं निघेल." त्यांनी माझा अर्ज माझ्याकडे सरकवला. "हा घरी न्या. पुढे तुम्हाला नोकरी करायची आहे."

मी तो घेतला. खरंच घेतला, घडी घालून. तो टेबलावर सोडून बाहेर येता आलं असतं. केबिनच्या बाहेर आल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मला सुटल्यासारखं वाटतंय हे लक्षात आलं तेव्हा जिन्यातच बसले.

१२ जानेवारी २००१, शुक्रवार

आज ऑफिसचा शेवटचा दिवस. संध्याकाळी हारतुरे झाले. घरी येताना पेठ नाक्यावर रिक्षा थांबवून केळी घेत होते. समोर जीप येऊन उभी राहिली आणि त्यातून करवंदपाडा उतरला. बोचकी, हंडे, कोंबडी बांधलेली टोपली. दिंडोरीचा टेम्पो पकडायला सगळे इथे उतरले होते. जीवनने बायकोचा दंड धरून तिला खाली घेतलं. ती फुटपाथवर बसली ती पाय लांब करूनच, तिला वाकता येत नव्हतं.

मला पळून जायचं होतं. पण नवसाबाईंनी आधीच बघितलं. "आगं, आपल्या बाई!" म्हणत बोचकं खाली टाकून आल्या. सगळ्यांना त्यांनी मला नव्याने दाखवलं, ह्याच त्या, आपली नागली नेली ती.

चिमाजी म्हणाले, "हमीचं काम नाय निघालं यंदा. पीक बरं धरलं म्हणं सरकारनं." ते हे तक्रार केल्यासारखं म्हणाले नाहीत. पाऊस गेला हे सांगतात तसंच म्हणाले. पीक बरं कसं धरलं, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता, आणि पडला असता तरी पाड्याच्या पसापसाशी त्यांनी तो जोडला नसता.

नवसाबाईंनी माझा हात धरला. "तुमचं बरं झालं ना पण? सायेब खूश झाला?"

सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर सुनेच्या त्या लांब केलेल्या पायांकडे बघून नवसाबाईंना काय वाटलं असतं, आणि पाड्यातल्या बायकांनी त्यांना काय म्हटलं असतं. म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगते आहे. ते खरं आहे की फक्त मला सोयीचं, हे मला ठरवता येत नाही.

"झाला," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, इतक्या समाधानाने की मी केळ्यांची पिशवी सुनेच्या मांडीवर ठेवून वळले. टेम्पो निघेपर्यंत थांबलेसुद्धा नाही.

कोपऱ्यावर एस.टी.डी. बूथ होता. तिथून पुण्याला फोन लावला. ऑफिसची वेळ संपत आली होती, तरी प्राध्यापक स्वतःच होते. मी एका दमात सांगितलं, सर, मुलाखतीत मी सीलबंद म्हणाले ते खोटं होतं, सील नव्हतं, त्या आकड्यात भर पडली होती, माझं ते सगळं बोलणं त्यावरच उभं होतं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"कशाचं सील?" त्यांनी विचारलं.

"नागलीचं, सर. तुम्ही विचारलं होतं."

"असेल, असेल. त्या दिवशी बरेच उमेदवार होते." मग त्यांना काहीतरी आठवलं. "हां, डोळा फसतो म्हणाला होतात ना, त्या तुम्ही? ते आम्हाला फार आवडलं होतं. असू द्या, क्षेत्रकामात असं थोडंफार व्हायचंच. इथे आलात की तुम्हाला स्वच्छ डेटा मिळेल. सोमवारी येताय ना?"

बूथच्या काचेतून टेम्पो वळताना दिसत होता. सून मागच्या फळीला टेकून उभी होती, बसायला जागा नव्हती.

"येते," मी म्हणाले.